शंभरात छप्पन्न मार्क, तरी नापास? नर्सिंगच्या परीक्षेचा हिशोब घरच्यांनी समजून घ्यावा असा

ईशाची नमाज आटोपून जेवायला बसलो होतो, तेवढ्यात चिपळूणहून दुल्हाभाईंचा फोन आला. आवाजात राग होता, पण त्याहून जास्त घाबरलेपण. त्यांची मुलगी, म्हणजे माझी भाची, पुण्याला बी.एस्सी. नर्सिंगला आहे. पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला होता.

"शंभरात छप्पन्न मार्क आहेत भाई. दुसऱ्या विषयात सत्तावन्न. आणि दोन्हीपुढे एफ लिहिलंय. पासिंग पन्नासला आहे ना? मग हे काय चाललंय? पोरगी काही लपवत तर नाही?"

पोरगी काही लपवत नव्हती. पण तिलाही नीट सांगता येत नव्हतं आणि अब्बांचा आवाज चढल्यावर तिने फोन अम्मीकडे दिला होता. मी मार्कशीटचा फोटो मागवला. अॅनाटॉमी-फिजिऑलॉजी: इंटर्नल २५ पैकी २०, युनिव्हर्सिटीचा पेपर ७५ पैकी ३६. बेरीज ५६. सोशिऑलॉजी-सायकॉलॉजी: इंटर्नल २२, पेपर ३५. बेरीज ५७. बेरजा बरोबर होत्या आणि निकालही बरोबर होता.

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातल्या कितीतरी मुली, आणि आता मुलंही, नर्सिंगला जाऊ लागली आहेत. कोकणात, मालेगावात, मराठवाड्यात, मुंब्र्यात, कुठेही चार घरं फिरा, एखादी तरी मुलगी जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग करताना सापडेल. घरच्यांना मात्र दहावी-बारावीची परीक्षा माहीत असते: वर्षभर काहीही करा, शेवटचे दोन महिने नेटाने अभ्यास करा, पेपर द्या, बेरीज पस्तीसच्या वर गेली की पास. नर्सिंगचा हिशोब असा चालत नाही. तो कसा चालतो ते दुल्हाभाईंना त्या रात्री तासभर फोनवर सांगितलं. तेच इथे सविस्तर लिहितो आहे.

आधी नियम कुणाचे ते पाहू. देशभरातल्या नर्सिंग अभ्यासक्रमाचा आराखडा दिल्लीची इंडियन नर्सिंग कौन्सिल ठरवते. बी.एस्सी. नर्सिंगचा सध्याचा सेमिस्टरवाला अभ्यासक्रम २०२१ साली राजपत्रात प्रसिद्ध झाला. चार वर्षं, आठ सेमिस्टर, क्रेडिट पद्धत. आपल्या राज्यात ही पदवी देतं आणि तिची परीक्षा घेतं ते नाशिकचं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ. तीन वर्षांच्या जी.एन.एम. आणि दोन वर्षांच्या ए.एन.एम. कोर्सची परीक्षा विद्यापीठ घेत नाही, ती राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाकडे आहे. जी.एन.एम.लाही थिअरीत २५ इंटर्नल आणि ७५ मंडळाचे, अशीच विभागणी असते, त्यामुळे खाली सांगितलेल्या बऱ्याच गोष्टी त्या घरांनाही लागू पडतील. बारीकसारीक तपशील मात्र आपापल्या संस्थेच्या परिपत्रकाशी ताडून बघावा.

आता छप्पन्नचं कोडं. नियम असा की इंटर्नल आणि युनिव्हर्सिटी, दोन्हीकडे वेगवेगळं पास व्हावं लागतं. दोन्हीकडे पन्नास टक्के. म्हणजे २५ पैकी साडेबारा आणि ७५ पैकी साडेसदतीस. भाचीला ७५ पैकी ३६ होते, म्हणजे ४८ टक्के. दीड मार्काने गेली. इंटर्नलचे वीस मार्क तिथे मदतीला येत नाहीत. एका खिशात पैसे आहेत म्हणून दुसऱ्या खिशातली उधारी फिटत नाही, तसा हा प्रकार. उलट बाजूनेही तेच: पेपरात ७५ पैकी ६० मिळाले आणि इंटर्नलला ११ आहेत, तरी नापास.

"मग दीड मार्कासाठी ग्रेस नाही का देत?" दुल्हाभाईंनी लगेच विचारलं. देतात. थिअरीत पाचपर्यंत ग्रेस मार्क मिळू शकतात, पण एक अट आहे. त्या सेमिस्टरमध्ये विद्यार्थी एकाच विषयात अडकलेला हवा आणि ते मार्क मिळाल्यावर पूर्ण सेमिस्टर पास होत असला पाहिजे. भाची दोन विषयांत अडकली होती. एकात दीड मार्क कमी, दुसऱ्यात अडीच. दोन्ही मिळून चारच मार्कांचं काम होतं, पण ग्रेस दोन विषयांना वाटून देत नाहीत. एक विषय जरी सुटला असता तर दुसरा ग्रेसमध्ये निघाला असता. म्हणूनच मुलांना सांगायचं असतं की "हा विषय अवघड आहे, तो सोडून देतो" हा विचार नर्सिंगमध्ये महागात पडतो. एक सोडायला जावं तर दुसराही हातातून जातो.

थिअरीच्या इंटर्नलचे हे २५ मार्क येतात कुठून? पुष्कळ पालकांना वाटतं मॅडम मर्जीने देतात. तसं नाही, त्याचा साचा ठरलेला आहे. २५ पैकी १५ मार्क दोन सेशनल परीक्षांचे. प्रत्येक सेशनल ३० मार्कांची, दोन्ही मिळून ६०, त्याला चारने भागलं की १५. उरलेले १० मार्क सेमिस्टरभरच्या कामाचे: हजेरीला २, दोन लेखी असाइनमेंटचे १०, वर्गासमोर केलेल्या सादरीकरणाचे १२, गटाने केलेल्या प्रोजेक्टचे ६. हे झाले ३०, त्याला तीनने भागलं की १०. हजेरीच्या त्या दोन मार्कांतही पायऱ्या आहेत. ९५ टक्क्यांच्या वर असेल तर पूर्ण दोन, ऐंशीच्या घरात आली की अर्धा.

इथे एक नियम पालकांना माहीत असावा, कारण त्यावरून गैरसमज फार होतात. कोणत्याही कॉलेजने पाठवलेल्या इंटर्नल मार्कांची वर्गाची सरासरी ७५ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. चाळीस मुलांचा वर्ग असेल तर चाळिसांची सरासरी पंचाहत्तरच्या आत. म्हणजे सगळ्यांना २५ पैकी २३ वाटून टाकणं कॉलेजला जमतच नाही. हुशार मुलीला २४ मिळू शकतात, पण मग खाली कुणाला तरी १५-१६ वर बसावं लागतं. खिरापतीसारखे मार्क वाटले जाऊ नयेत हा यामागचा हेतू चांगला आहे. माझ्या मते मात्र नियम जरा बोथट आहे. एखाद्या वर्षीचा वर्ग खरोखरच चांगला असेल तर त्या मुलांवर अन्याय होतो. पण "आमच्या मुलीला मुद्दाम कमी दिले" असं म्हणायच्या आधी हा नियम आठवावा. सेशनलचे तपासलेले पेपर बघायला मागावेत, असाइनमेंट वेळेत दिली होती का ते मुलीलाच विचारावं. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडतं.

वॉर्डातली परीक्षा

इथवर थिअरीचं झालं. नर्सिंगचं खरं वेगळेपण पुढे आहे आणि घरच्यांना नेमकं तेच दिसत नाही.

ज्या विषयांना प्रॅक्टिकल आहे, म्हणजे नर्सिंग फाउंडेशन, अॅडल्ट हेल्थ, बालरोग, मानसिक आरोग्य, कम्युनिटी, प्रसूती, तिथे प्रॅक्टिकलचे शंभर मार्क असतात. ५० इंटर्नल, ५० युनिव्हर्सिटी. त्या इंटर्नल पन्नासचा मोठा भाग मुलगी वॉर्डात उभी असते तेव्हाच ठरत जातो. रोजचं काम कसं करते, पेशंटची केस लिहून मांडते का, दिलेल्या औषधांचा अभ्यास करून अहवाल देते का, ठरवून दिलेल्या प्रक्रिया पूर्ण केल्या का आणि त्यावर सुपरवायझरची सही आहे का. मुलींच्या हातात एक लॉगबुक असतं. इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर, ऑक्सिजन, नवजात बाळाची तपासणी, सगळं त्यात तारखेसह भरायचं असतं. ते पुस्तक घरी आलं तर एकदा उघडून बघा. मुलगी काय करते हे मार्कशीटपेक्षा त्यातून जास्त कळतं.

दुसरा भाग ऑस्कीचा. पूर्ण नाव ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन. स्कॉटलंडमधल्या डंडी इथले डॉ. रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ साली ही पद्धत मांडली. आधी डॉक्टरांच्या शिक्षणात आली, मग जगभर नर्सिंगनेही घेतली. खोलीत किंवा हॉलमध्ये छोटी छोटी ठाणी मांडलेली असतात. एका ठाण्यावर ब्लडप्रेशर मोजायचं, दुसऱ्यावर हात धुवायचे, तिसऱ्यावर औषधाचा डोस काढायचा, चौथ्यावर घाबरलेल्या आईला बाळाला अंगावर कसं पाजायचं ते समजावायचं. प्रत्येक ठाण्यावर ठरलेली काही मिनिटं. घंटा वाजली की पुढे. परीक्षकाच्या हातात पायऱ्यांची यादी असते आणि पायरी झाली की तो खूण करतो.

यात गंमत अशी की काम "येतं" एवढ्याने भागत नाही. भाचीने मला सांगितलेला किस्सा सांगतो. तिची मैत्रीण ब्लडप्रेशर अगदी बरोबर मोजून मोकळी झाली, पण पेशंटला स्वतःचं नाव सांगितलं नाही, पेशंटचं नाव विचारून खात्री केली नाही, शेवटी हात धुतले नाहीत. आकडा बरोबर, मार्क अर्धे. ते बघून भाचीने हॉस्टेलच्या खोलीत उशीला पेशंट करून सराव सुरू केला: "अस्सलाम... नाही, नमस्कार मावशी, मी स्टुडंट नर्स, तुमचं नाव सांगाल?" रूममेट हसून हसून बेजार.

डोसच्या ठाण्यावर काय येतं त्याचा एक नमुना बघा. डॉक्टरांनी २५० मिलिग्रॅम लिहिलंय. बाटलीवर लिहिलंय, ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम. किती द्यायचं? १० मिलिलिटर. हे सोपं. आता सलाइनचं घ्या. ५०० मिलिलिटर चार तासांत संपवायचं आहे आणि सेटमधून २० थेंबांना एक मिलिलिटर पडतं. मिनिटाला किती थेंब? पाचशे गुणिले वीस म्हणजे दहा हजार थेंब, चार तास म्हणजे २४० मिनिटं, भागाकार ४१.६६, म्हणजे साधारण ४२ थेंब. कॅल्क्युलेटर नाही, घड्याळ चालू, समोर परीक्षक. बारावीला पीसीबी घेतलेल्या आणि गणिताला घाबरून पळालेल्या मुली इथे अडखळतात. हा भागाकार घरात रोज रात्री दोन-चारदा करून घेतला तरी पुरे. शिकवायला नर्स असावं लागत नाही, पाचवीचं गणित येत असलं तरी चालतं.

तिसरा भाग म्हणजे प्रत्यक्ष पेशंटवर काम करताना निरीक्षण. प्रॅक्टिकल परीक्षा खऱ्या वॉर्डात होते. एक कॉलेजचा परीक्षक, एक बाहेरचा, दोघं मिळून घेतात. दिवसाला वीसपेक्षा जास्त मुलांची घेत नाहीत. पेशंट दिला जातो, त्याची माहिती घ्यायची, काळजीचा आराखडा लिहायचा, काम करायचं, प्रश्नांना तोंड द्यायचं. इथे आपल्या मुलींचा एक फायदा मी पाहिला आहे. पेशंट मराठी बोलणारा असो, हिंदी असो की उर्दू, त्या सहज बोलतात. बुजऱ्या मुलीसुद्धा पेशंटशी मोकळेपणाने बोलतात आणि परीक्षकाचं तिकडे लक्ष असतं.

हिजाबबद्दल पालक हमखास विचारतात, म्हणून एवढंच सांगतो. वॉर्डात आणि ऑस्कीत हात कोपरापर्यंत धुवावे लागतात, बाही वर घ्यावी लागते, अंगठी, बांगड्या, वाढलेली नखं चालत नाहीत. हे जंतुसंसर्गाचे नियम आहेत आणि सगळ्यांना सारखे आहेत. डोकं झाकण्याबाबत कॉलेजचा गणवेश काय म्हणतो ते प्रवेश घेतानाच विचारून घ्यावं. परीक्षेच्या सकाळी वाद घालण्यात मुलीचं नुकसान होतं.

आता प्रॅक्टिकलचा तो कडक नियम. थिअरी आणि प्रॅक्टिकल दोन्हीत वेगवेगळं पन्नास टक्के हवं. आणि दोहोंपैकी एकात नापास झालं, तर दोन्ही पुन्हा द्यावी लागतात. पेपरात ७५ पैकी ६२ पडले असले आणि प्रॅक्टिकल गेलं, तरी पेपर पुन्हा. मला हा नियम पहिल्यांदा कळला तेव्हा क्रूर वाटला. एका सीनियर सिस्टरला बोलून दाखवलं तर त्या म्हणाल्या, "तुमच्या अम्मीला कुणी इंजेक्शन द्यावं असं वाटतं? जिला पुस्तक पाठ आहे पण हात थरथरतो तिने?" मी गप्प बसलो. तरी अजूनही वाटतं, चांगला झालेला पेपर पुन्हा लिहायला लावणं जरा जास्तच आहे.

हजेरी आणि आपली लग्नं

ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती ही.

परीक्षेला बसायचं तर प्रत्येक विषयात, थिअरीत आणि प्रॅक्टिकलमध्ये, ८० टक्के हजेरी लागते. गैरहजेरीचं कारण काहीही असो. आजारपण असो, मयत असो, निकाह असो, डॉक्टरचं सर्टिफिकेट असो. ऐंशीच्या खाली गेली की गेली. आणि पदवी हातात पडायच्या आधी वॉर्डातल्या प्रत्येक विभागाची हजेरी शंभर टक्के भरावी लागते. शंभर म्हणजे शंभर. बालरोगाच्या वॉर्डात सहा दिवस चुकले तर ते सहा दिवस कधीतरी, सुट्टीत का होईना, उभं राहून भरून द्यावे लागतात.

गेल्या वर्षी महाडला आमच्याकडे एक लग्न होतं. भाचीच्या सख्ख्या चुलत भावाचं. हळद, मेहंदी, निकाह, वलीमा, मग पाहुण्यांना निरोप, मग "आता आलीच आहेस तर रविवारपर्यंत रहा". पोरगी नऊ दिवस घरी होती. मीही आग्रह करणाऱ्यांत होतो, हे कबूल करतो. तेव्हा तिची पहिल्या सेमिस्टरची सेशनल आणि वॉर्डाचं पोस्टिंग, दोन्ही त्याच पंधरवड्यात होतं. तिने दबक्या आवाजात सांगितलंही होतं. मामी म्हणाली, "एवढ्या मुली आहेत तिथे, एक नसली तर हॉस्पिटल बंद पडणार नाही." सगळे हसलो.

हॉस्पिटल बंद पडलं नाही. तिची दिवाळीची सुट्टी गेली, कारण वॉर्डाचे चुकलेले दिवस तिने एकटीने हॉस्टेलला राहून भरले. अॅनाटॉमीची जी तासिका बुडाली ती मात्र कुणी परत घेतली नाही. पेपरात दीड मार्क कमी पडले ते त्या नऊ दिवसांमुळेच, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. पण दीड मार्क हा नऊ दिवसांत कमावता येणारा मार्क होता, एवढं नक्की.

आपल्याकडे शिकणाऱ्या मुलीकडे बघायची एक सवय आहे. मुलगा दुबईत नोकरीला असला तर लग्नाला "सुट्टी मिळाली तर येईल" म्हणतात. मुलगी पुण्याला शिकत असली तर ती येणारच, असं धरून चालतात. आई आजारी पडली की मुलीला बोलावतात, वहिनीचं बाळंतपण आलं की मुलीला बोलावतात. वर त्यात गंमत म्हणजे "तू नर्सिंगला आहेस ना, तुला माहीत असतं सगळं" हेही ऐकवतात. एकेका बोलावण्याला तिचे मार्क खर्च होतात, कारण या शिक्षणात मार्क रोजच्या रोज मिळतात. इतर कोर्सच्या मुली परीक्षेच्या आधी भरपाई करू शकतात. नर्सिंगच्या मुलीला वॉर्डातला बुडालेला मंगळवार पुस्तकातून वाचून मिळत नाही.

आठव्या सेमिस्टरला तर हे आणखी वाढतं. तेव्हा २२ आठवड्यांची इंटर्नशिप असते, आठवड्याला ४८ तास. त्यात नाइट ड्युटी असते. "मुलीला रात्रीची ड्युटी का?" म्हणून तेव्हा भांडायला जाण्यापेक्षा प्रवेशाच्या आधीच घरात बसून बोललेलं बरं. तो शिक्षणाचा भाग आहे, कुणाची मेहरबानी किंवा शिक्षा नाही.

अडकलं तर पुढे काय

पहिल्या सेमिस्टरला विषय राहिला म्हणून वर्ष वाया जात नाही. मुलगी दुसऱ्या सेमिस्टरच्या वर्गात बसते, राहिलेले विषय पुढच्या परीक्षेत देते. पण वाटेत फाटकं आहेत. पाचव्या सेमिस्टरच्या परीक्षेला बसायचं तर आधीचं सगळं निघालेलं हवं. सातव्याच्या आधी पुन्हा तेच. शेवटच्या परीक्षेच्या आधीही. वर्गात बसता येतं, परीक्षेला बसता येत नाही. आणि चार वर्षांचा कोर्स जास्तीत जास्त आठ वर्षांत संपवावा लागतो. म्हणून पहिल्या वर्षाचा राहिलेला विषय "बघू नंतर" म्हणून ठेवू नये. तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर तोच आडवा येतो, तेव्हा नवीन विषयांचा भारही वाढलेला असतो.

निकालाबद्दल शंका असेल तर कॉलेजच्या परीक्षा विभागात लगेच जावं. निकालानंतर विद्यापीठाचं परिपत्रक निघतं, त्यात अर्जाची मुदत आणि फी दिलेली असते. मुदत थोड्या दिवसांची असते आणि आपल्याकडे अर्धे दिवस रडण्यात आणि रागावण्यात जातात.

मार्कशीटवरच्या ग्रेडचंही थोडं. ८५ टक्के आणि वर ओ ग्रेड, दहा गुण. ८० ते ८५ ए प्लस, नऊ. ७५ ते ८० ए, आठ. ६५ ते ७५ बी प्लस, सात. ६० ते ६५ बी, सहा. ५० ते ६० सी, पाच. त्याखाली एफ, शून्य. इंग्रजी आणि निवडीच्या विषयांना तेवढं ४० टक्क्यांवर पास मिळतं. प्रत्येक विषयाचे गुण त्याच्या क्रेडिटने गुणायचे आणि एकूण क्रेडिटने भागायचे. समजा तीन क्रेडिटच्या विषयात आठ, चार क्रेडिटच्या विषयात सात, दोनच्या विषयात पाच, तीनच्या विषयात नऊ. गुणाकार २४, २८, १० आणि २७. बेरीज ८९, भागिले १२. उत्तर ७.४२. हा त्या सेमिस्टरचा एस.जी.पी.ए. झाला. जास्त क्रेडिटचा विषय सरासरीला जास्त ओढतो, हे यातून दिसतं. शेवटी सगळ्या सेमिस्टरचा सी.जी.पी.ए. साडेसात किंवा वर असेल तर डिस्टिंक्शन, सहाच्या वर फर्स्ट क्लास, पाचच्या वर सेकंड क्लास. एकापेक्षा जास्त प्रयत्नांत पास झाल्यावर मात्र नुसता पास क्लास लिहिला जातो.

दुल्हाभाईंना हे ऐकून वाईट वाटलं. "म्हणजे आता तिला फर्स्ट क्लास नाहीच?" मी म्हटलं, क्लास हा एक भाग झाला. पदवीनंतर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी झाल्याशिवाय कुणालाच नर्स म्हणून काम करता येत नाही आणि नोंदणी पास क्लासवालीलाही मिळते. एम्सच्या नर्सिंग ऑफिसरसाठी नॉरसेट नावाची वेगळी स्पर्धा परीक्षा आहे. सौदीत, अमिरातीत जायचं तर तिथल्या लायसन्सची संगणकावरची परीक्षा असते आणि त्याआधी पदवी, नोंदणी, अनुभवाची कागदपत्रं थेट संस्थेकडून पडताळली जातात. आमच्या कोकणातल्या घरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. म्हणून प्रत्येक सेमिस्टरची मूळ मार्कशीट आणि लॉगबुक जपून ठेवायचं, लॅमिनेशन करायचं नाही, नावाचं स्पेलिंग दहावीच्या सर्टिफिकेटपासून पासपोर्टपर्यंत एकच ठेवायचं. बेगम, बी, शेख, सय्यद कधी पुढे कधी मागे, हा घोळ पुढे फार त्रास देतो.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलींबद्दल एक गोष्ट राहिली. शिक्षण आणि पेपर इंग्रजीत असतात. पहिल्या सेमिस्टरला ज्या मुली अडकतात त्यांतल्या अनेकींना विषय येत असतो, उत्तर इंग्रजीत मांडता येत नाही. भाचीचंही थोडं तसंच झालं. तिच्या उत्तरपत्रिकांबद्दल मॅडमनी तिला सांगितलं की ती सगळं एका लांबलचक परिच्छेदात लिहिते. व्याख्या, मग प्रकार, मग आकृती, मग नर्सने काय करायचं, अशा तुकड्यांत लिहिलं की परीक्षकाला मार्क द्यायला जागा सापडते. हृदयाची आकृती पाच मिनिटांत नावांसह काढता येणं हे एका पानाच्या इंग्रजीपेक्षा कमी कष्टात जास्त मिळवून देतं. आता ती रोज एक आकृती काढून मला व्हॉट्सअॅपवर पाठवते. काल किडनी आली होती. मला त्यातलं काही कळत नाही, पण मी "माशाअल्लाह" लिहून पाठवतो.

राहिलेले दोन्ही पेपर ती या परीक्षेत देते आहे. सोबत दुसऱ्या सेमिस्टरचं नर्सिंग फाउंडेशनचं पहिलं प्रॅक्टिकलही आहे. परवा घरात धाकट्या भावाच्या साखरपुड्याच्या तारखेचं बोलणं चाललं होतं. सगळे रविवार सुचवत होते. दुल्हाभाईंनी मला पुन्हा फोन केला आणि यावेळी आवाज शांत होता. म्हणाले, "भाई, तिच्या वॉर्डाचं पोस्टिंग कुठल्या तारखेला संपतं ते विचारून सांग. तारीख त्यानंतरचीच धरतो."